आठ सेकंदांचा लेहरा

सकाळचे साडेदहा वाजले होते. गडहिंग्लजच्या त्या घरात भिंतीवरच्या पडद्यावर मस्कतचे दोन, बंगळुरूचा एक आणि पुण्याची एक असे चार शिष्य एकदिलाने तबल्याचा कायदा वाजवत होते. तेवढ्यात केतकी क्लासवरून आली. तिचा पाय उंबऱ्याच्या आत पडला न पडला तोच ते चौघे चार दिशांना पांगले. मस्कतवाले समेवर आले तेव्हा पुण्याची मुलगी अकराव्या मात्रेवर होती, आणि बंगळुरूचा तर तोंड उघडं ठेवून गोठलाच.

"केतकी, बाहेर जा आधी!" शशीमास्तर तबल्यावरचा हात उचलून ओरडले. "तू घरात आलीस की समेला खड्डा पडतो."

"बाबा, मी काय भूत आहे?"

"भूत परवडलं असतं. ते निदान लयीत आलं-गेलं असतं!"

केतकीने दप्तर आपटलं, परत चप्पल घातली आणि ती अंगणात जाऊन उभी राहिली. दोन मिनिटांत आतून चारही तबले पुन्हा एकत्र ऐकू यायला लागले. तिला रडू येईना, हसूही येईना. नुसता संताप आला.

शशिकांत गुरव म्हणजे सत्तरीतले तबलामास्तर. तीन वर्षांपूर्वी राज्यभरच्या इंटरनेटच्या जाळ्याचा कारभार 'सुकाणू' नावाच्या यंत्रणेकडे गेला आणि मास्तरांचा म्हातारपणी भाग्योदय झाला. दूरच्या माणसाबरोबर तबला वाजवायचा तर आवाज पोचायला पंचवीस-तीस मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागून चालत नाही. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. त्यापेक्षा उशीर झाला की कान फसतो, हात अडखळतो. काचेच्या तारेतून धावणाऱ्या प्रकाशालाही मस्कतला पोचायला आठ-दहा मिलिसेकंद लागतातच. बाकीचा उशीर होतो तो वाटेतल्या चौकांत. तिथे कुठली वाट मोकळी आहे, कुठे तार तुटली आहे, हे ठरवण्यात वेळ जातो. पूर्वी हे माणसं ठरवत. सुकाणू ते पापणी लवायच्या आत ठरवी, आणि कुठली वाट भरवशाची, कुठली दगाबाज, हे स्वतःच अनुभवातून शिकत राही.

केतकी गेल्या वर्षापर्यंत दाखले देणाऱ्या केंद्रात कामाला होती. दाखले आपोआप निघायला लागले आणि केंद्राला कुलूप लागलं. तेहेतिसाव्या वर्षी तिने नेटवर्क तंत्रज्ञाच्या दीड वर्षाच्या अभ्यासक्रमात नाव घातलं. "जाळं कितीही शहाणं झालं तरी त्याला जाणणारी माणसं लागणारच," असं होसमनी सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्या दिवशी वर्गात बावीस जण होते. आता सहा उरले होते.

बाबांचं म्हणणं खोटं पाडायचं म्हणून केतकीने वही घेतली. आठवडाभर ती दर तासाला मस्कतपर्यंतचा उशीर मोजत राहिली. ती बाहेर असताना यंत्रानेच नोंदी ठेवल्या, घरात असताना तिने. आठव्या दिवशी तिने आकडे समोरासमोर मांडले. ती बाहेर असताना अठरा, एकोणीस, अठरा मिलिसेकंद. ती घरात असताना चारशे, तेराशे, नव्वद, अडीच हजार.

बाबा खरं बोलत होते.

तिने फोन बंद करून पाहिला. फरक नाही. हातातली ओळखपट्टी क्लासमध्ये ठेवून आली. फरक नाही. पुस्तकात तिने वाचलंच होतं, की घरातल्या राउटरच्या लहरी माणसाच्या अंगावरून वळतात, आणि त्या वळण्यावरून यंत्रणा चालण्याची ढबसुद्धा ओळखते. म्हणजे आता स्वतःच्या घरात रांगत जायचं बाकी राहिलं होतं. तेही तिने एकदा करून पाहिलं. शेजारच्या माईंनी खिडकीतून पाहिलं आणि "केतकी, बरं आहे ना गं?" म्हणून विचारलं.

वर्गात तिने वही उघडून दाखवली तेव्हा कुणी हसलं नाही. उत्तूरचा मारुती हत्तरकी म्हणाला, "माझी बायको म्हणते, तुमचा पाय घरात पडला की फोनवर माझं माहेर तुटतं." वर्गातल्या एकीच्या सासूने तिला अभ्यास सोड, नाहीतर माहेरी जा, असं सांगितलं होतं. गळालेल्या सोळा जणांची कारणं सरांनी एकेक आठवली, आणि बोलता बोलता ते फळ्याजवळच्या खुर्चीत बसले.

"मला वाटायचं, माझं शिकवणं वाईट आहे," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात केतकीची परीक्षा होती. ही तिसरी खेप. परीक्षा जाळ्यावरूनच द्यायची, दुसरी सोय नाही. सदतिसाव्या प्रश्नाला पडदा काळा झाला. प्रश्न होता, 'जोडणी तुटल्यास प्रथम काय तपासाल?' दुपारी निकाल आला. आधीच्या दोन वेळांसारखाच: अनुपस्थित.

"अनुपस्थित!" ती घरी येऊन ओरडली. "तीन तास तिथे बसले होते मी! हाडामांसाची!"

"मग भांड जाऊन," शशीमास्तर म्हणाले. "माझ्यावर काय ओरडतेस?"

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीने कोल्हापूरला गेली आणि वही घेऊन सुकाणूच्या विभागीय केंद्रात हजर झाली. चार मजली इमारतीत माणसं मोजून सात. मुख्य अभियंता अलका सावर्डेकर, वय अठ्ठावन्न. टेबलावर कागदांचे ढीग, आणि भिंतीवर खिळ्याला एक जुना फोन टांगलेला.

"तो चालतो का?" केतकीने विचारलं.

"नाही. तीन वर्षं झाली. मुलाच्या लग्नाची तारीख मला पोस्टकार्डाने कळली." सावर्डेकर मॅडमनी वही हातात घेतली. पहिली दोन पानं त्यांनी चाळली, तिसरं वाचलं, चौथ्यावर त्या थांबल्या. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "मला वाटायचं, सरकारी फोन आहे, म्हणून असा वागतो."

दुपारपर्यंत दोघींनी मिळून कोडं सोडवलं. सुकाणूला कुणी नियम लिहून दिलेले नव्हते. झालेल्या घटनांवरून तो शिकत गेला. आणि तीन वर्षं त्याने एकच चित्र पाहिलं होतं. जिथे बिघाड, तिथे तंत्रज्ञ. लहान मूल पाहतं, की ज्या घरी आजारपण त्या घरी डॉक्टर येतात. त्याला कुणी समजावलं नाही, तर ते डॉक्टरांनाच आजाराचं कारण समजून दाराला कडी घालील. सुकाणूने तेच केलं होतं. तंत्रज्ञ, त्यांचे शिक्षक, शिकणारी माणसं, सगळ्यांना त्याने आजाराच्या यादीत घातलं. ही माणसं जिथे असतील तिथून तो महत्त्वाची वाहतूक लांबच्या वाटेने वळवी. मग त्यांना उशीर होई, जोडणी तुटे, आणि त्याला वाटे, पाहा, मी बरोबरच होतो.

"मग हा नियम पुसून टाका ना!" केतकी म्हणाली.

"कुठून पुसू? चहात विरघळलेली साखर चमच्याने काढता येते का? अब्जावधी आकडे आहेत, त्यांत कुठे तरी हे मुरलंय. बंद करायचं म्हटलं, तर राज्यातली सगळी इस्पितळं त्याच्यावर चालतात."

"म्हणजे आम्ही असंच जगायचं?"

"नाही. त्याला न दिसलेलं चित्र दाखवायचं." सावर्डेकर मॅडमनी कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या फाडायला सुरुवात केली. "बिघाड नसताना आपण कुठे गेलोय, हे त्याने कधी पाहिलंच नाही. आता जायचं. पण आपल्या मनाने नाही. मनाने गेलो की त्याला कारण असतं, आणि ते कारण त्याच्या हिशेबात घुसतं. कोण, कुठे, किती वेळ, हे चिठ्ठीने ठरवायचं. चाळीस दिवस. राज्यभरातले दोनशे जण. चिठ्ठी कुणाची बाजू घेत नाही. तिने पाठवलेल्या जागी बिघाड वाढले नाहीत, तर सुकाणूला त्याचं गणित बदलावंच लागेल."

केतकीला त्या क्षणी हा उपाय फार आवडला. तो किती वैताग देणार आहे, हे पुढे कळायचं होतं.

एका दिवशी चंदगडच्या दूध केंद्रात आठ तास. दुसऱ्या दिवशी नेसरीच्या शाळेत. जाळ्यातल्या कशालाही हात लावायचा नाही, नुसतं असायचं. जाईल तिथे लोक आधी प्रेमाने चहा विचारीत आणि अर्ध्या तासाने, पडदे अडखळू लागले की, 'बाई जाणार कधी?' असं नजरेने विचारीत. दर शुक्रवारी कोल्हापूरला जाऊन पुढच्या आठवड्याच्या सात चिठ्ठ्या उचलायच्या.

तिसऱ्या शुक्रवारी तिने रविवारची चिठ्ठी उघडली. 'स्वतःचं घर. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.'

त्या रविवारी अकरा वाजता बाबा आणि रफिकचाचा वाजवणार होते.

रफिक मुजावर मिरजेचे पेटीवाले. चाळीस वर्षं शशीमास्तरांचा तबला आणि रफिकचाचांची पेटी एकाच गाडीतून गावोगाव फिरली होती. अकरा वर्षांपूर्वी ते मुलीकडे मस्कतला गेले. आता त्यांच्या मेंदूत गाठ होती, आणि मंगळवारी ऑपरेशन. हात राहील की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. "त्याआधी एकदा तीनताल होऊन जाऊ दे, शशी," एवढंच त्यांनी मागितलं होतं.

"मॅडम, एवढी एक बदलून द्या."

"तू माझ्याकडे येऊन मागू नकोस, केतकी," सावर्डेकर मॅडम म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "सगळ्यांच्याच घरी काही ना काही आहे. ज्याला त्याला सोयीची चिठ्ठी दिली, तर जिथे महत्त्वाचं काही नाही तिथेच आपण जाऊ. मग सुकाणू काय शिकणार? जा म्हणून मी सांगत नाही. पण गेली नाहीस तर तसं लिहून कळव. खोटं लिहू नकोस."

घरी येऊन केतकीने बाबांना सांगितलं. शशीमास्तरांनी ऐकून घेतलं आणि अत्यंत शांतपणे विचारलं, "म्हणजे तुला बापापेक्षा चिठ्ठी मोठी?"

"तसं नाही बाबा—"

"रफिकपेक्षा मोठी?"

"मी नसेन तर तुमचं वाजवणं नीट होईल! पण मग तुमच्या शिष्यांचं, मारुतीच्या बायकोचं, त्या मॅडमच्या मुलाचं काय? तीन वेळा मला अनुपस्थित ठरवलंय त्या दगडाने! आता मी हजर राहायचं म्हणते, तर तुम्ही पण बाहेर काढताय!"

शशीमास्तर उठून आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळाने तिथून दणादणा तबला ऐकू यायला लागला. इतका रागाने, की कपाटातली भांडी वाजत होती. केतकी ओट्याशी उभी राहून ऐकत होती. चिडलेल्या माणसाचा ठेका, पण मात्रा तसूभर हलत नव्हती. तीनतालाची तीच सोळा पावलं, पुन्हा समेवर, पुन्हा पहिल्यापासून.

तिने गॅस बंद केला आणि वही काढली.

गेल्या महिन्याच्या नोंदींत घरातला उशीर कधी नव्वद होता, कधी अडीच हजार. क्वचित चार हजारांवर गेला होता. होसमनी सर घसा कोरडा पडेतो सांगत, की उशीर वाईट नसतो, बेभरवशाचा उशीर वाईट असतो. आवाज जाळ्यावरून बारीक तुकड्यांनी येतो. लवकर आलेल्या तुकड्यांना दारात थांबवून ठेवलं आणि सगळ्यांना ठरलेल्या वेळीच आत सोडलं, तर उशीर मोठा होतो, पण एकसारखा होतो. असं दारात थांबवणं हे तंत्रज्ञाचं अगदी पहिल्या वर्षाचं काम.

ती आतल्या खोलीच्या दारात गेली. "बाबा, मिनिटाला एकशेवीस मात्रा धरल्या, तर तीनतालाचं एक आवर्तन किती सेकंदांचं?"

हात थांबले नाहीत. "आठ. का?"

"मी आवाज मुद्दाम बरोबर आठ सेकंद उशिरा सोडला तर?"

आता हात थांबले. शशीमास्तरांनी बोटांवर मात्रा मोजल्या. एकल तबल्याला पेटीवर एकच छोटी धून आवर्तनामागून आवर्तन फिरत असते. तिला लेहरा म्हणतात, आणि तबलजी तिच्या आधाराने आपले कायदे, तुकडे वाजवतो.

"म्हणजे रफिकचा मागच्या आवर्तनाचा लेहरा मला या आवर्तनात ऐकू येणार," ते सावकाश म्हणाले. "सम समेवरच."

"हो. लेहरा तोच तो तर असतो ना?"

"तोच तो?" मास्तर भडकले. "रफिकचा लेहरा तोच तो? तुला जन्मात कळलं नाही ते." मग आवाज उतरला. "पण चालेल. चालेल गं. फक्त त्याने लय सोडता कामा नये."

"आणि तुम्ही वाढवता कामा नये."

"मी?"

"तुम्ही. दर वेळी वाढवता. लय जरा जरी वाढवलीत, तर आवर्तन आठ सेकंदांचं राहणार नाही आणि सगळं घसरेल."

"अख्खा तबला एका लयीत वाजवू? माणूस आहे की घड्याळ?"

"बाबा!"

"बरं, बरं."

रविवारी पुढच्या खोलीत शेजारचे दहा-बारा जण सतरंजीवर बसले. केतकी कोपऱ्यात, मांडीवर लॅपटॉप, हजर. पडद्यावर रफिकचाचा उशांना टेकून बसले होते. डोक्यावर केस नव्हते, पण पेटीवरची बोटं तशीच लांब आणि डौलदार. त्यांच्या नमस्काराला मास्तरांनी नमस्कार केला आणि तो तिकडे पोचेपर्यंत दोघे हात जोडून एकमेकांकडे बघत बसले. माईंना हसू आवरेना.

लेहरा सुरू झाला. मास्तरांनी दोन आवर्तनं नुसती मान हलवत ऐकली आणि तिसऱ्याच्या समेवर हात टाकला.

बसलं. अगदी जागच्या जागी बसलं. केतकीच्या समोर आकडे वेड्यासारखे उड्या मारत होते, सातशे, दोन हजार, तीनशे, पण खोलीत त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. दहाव्या मिनिटाला मास्तरांचे खांदे वर आले. लय वाढवायची त्यांची ती नेहमीची खूण. केतकीने डोळे वटारले. खांदे खाली आले. वाढवायला जागा नाही म्हटल्यावर मास्तर त्याच लयीच्या आत शिरले. एका मात्रेत चार, मग पाच, मग सात अक्षरं, अशा वाटा काढायला लागले, ज्या तिने घरात कधी ऐकल्या नव्हत्या. तीनदा फिरून समेवर येणाऱ्या एका अवघड तिहाईला रफिकचाचांची दाद आली ती सोळा सेकंदांनी. तोवर मास्तर पुढच्या कायद्यात होते. त्यांनी न थांबता हसून घेतलं.

आणि मग आकडेच थांबले. जोडणी तुटली होती.

दारात थांबवलेल्या तुकड्यांचा साठा सात सेकंद पुरला आणि पेटी बंद पडली. खोलीतल्या सगळ्यांनी केतकीकडे पाहिलं. तिने काहीच केलं नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का तिने मारलेला होता. जोडणी आली तर लेहरा आपली जागा स्वतःच शोधणार होता. मास्तरांनी डोळे मिटले. लेहरा नसताना ते एकटे वाजवत राहिले, ओठांनी ती धून पुटपुटत. अर्धं आवर्तन, एक, दीड. दुसऱ्या समेवर त्यांचा हात पडला आणि त्याच क्षणी पेटी परत आली, त्याच स्वरावर, जशी गेलीच नव्हती.

माई चक्क ओरडल्या. मास्तरांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. हात चालूच होते.

ऑपरेशन झालं. रफिकचाचा वाचले, पण उजवा हात परत चालला नाही. शशीमास्तर त्या रविवारबद्दल केतकीशी एकदाच बोलले. "तू घरात होतीस ते बरं झालं," एवढंच. आणि दुसऱ्या मिनिटाला रेडिओ लावला.

चाळीस दिवस संपले. सुकाणूत लगेच काहीच बदललं नाही. केतकीने रोज मोजलं आणि रोज शिव्या घातल्या. एकोणपन्नासाव्या दिवशी घरातला उशीर अठ्ठावीस झाला, दुसऱ्या दिवशी एकोणीस. चौथ्या खेपेला परीक्षा शेवटच्या प्रश्नापर्यंत चालली आणि ती उत्तीर्ण झाली. होसमनी सरांच्या नव्या तुकडीत एकतीस जण आले.

नेमणुकीचं पत्र कोल्हापुराहून कागदावर आलं. तिने ते तीनदा वाचलं. यंत्रणा जे शिकते ते विसरतेही, असं सावर्डेकर मॅडमनी लिहिलं होतं. म्हणून चिठ्ठीचं काम आता कायमचं चालू राहील. पद: नेटवर्क तंत्रज्ञ. काम: चिठ्ठीत येईल त्या बिनबिघाडाच्या ठिकाणी जाणे, आठ तास उपस्थित राहणे, कशासही हात न लावणे.

"दीड वर्ष शिकले मी!" ती वैतागून म्हणाली. "तारा जोडायला शिकले, वाटा आखायला शिकले, आणि आता काय, बसायचं?"

पण सोमवारी सकाळी ती निघाली. पहिली चिठ्ठी आजऱ्याच्या पलीकडच्या टेकडीवरच्या, जाळ्याची यंत्रं ठेवलेल्या केबिनची होती. आत हिरवे दिवे शांतपणे लुकलुकत होते. राखणदार लगबगीने किल्ल्या घेऊन आला. त्याने तिच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं आणि तो घाबरला.

"काय बिघडलंय, मॅडम?"

"काही नाही."

"मग दुरुस्ती कसली?"

"दुरुस्ती नाही. काही बिघडलेलं नाही, म्हणूनच आलेय. बिघाड नसतानाही आम्ही येतो, हे त्याला दिसलं पाहिजे." तिने दिव्यांकडे हात केला. सांगता सांगता तिचं तिलाच ते पटत गेलं, आणि त्याचाही तिला जरा रागच आला.

राखणदाराने मान हलवली. त्याला कळलं की नाही, देव जाणे. तो मागे गेला, एक लोखंडी खुर्ची ओढत घेऊन आला, तिच्यावरची धूळ टॉवेलने झटकली आणि ती दिव्यांसमोर ठेवली.

"मग बसा की," तो म्हणाला.

केतकी बसली.